भाऊंच्या मागे बसलेली

निम्मं बिरडं सोलून झालं होतं. उरलेले वाल तसेच पाण्यात टाकून मी उठले, कारण ओटीवरून सासूबाईंची हाक आली, "विनया, इकडे ये गो. तुझ्या सासऱ्याच्या मागे ही कोण बसलीय बघ."

मोबाईल नीलेशच्या, म्हणजे आमच्या यजमानांच्या हातात होता. भाऊंच्या स्कूटरचं चलन आलं होतं, सोबत फोटो. पाठीमागून काढलेला. पुढे हेल्मेटातले भाऊ आणि त्यांना बिलगून बसलेली हिरव्या साडीतली बाई. अंबाड्यावर भरगच्च गजरा. खाली लिहिलेलं, मागे बसलेल्या व्यक्तीने हेल्मेट घातलेले नाही.

आईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. "साडी तर माझी आहे," म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. "अगो बाई, ही तर जिजाची गौर!"

जिजाआत्या भाऊंची धाकटी बहीण, माणिकपूरला फ्लॅटमध्ये राहते. यंदा गणपतीच्या तोंडावर तिचा हात मोडला, साडी नेसवणार कोण? म्हणून तिची बसती गौर आम्ही भुईगावात आमच्या घरी सजवली. न्यायचा प्रश्न आला तेव्हा भाऊ म्हणाले, रिक्षावाले खड्ड्यांतून उडवत नेतात, मी हळू नेईन. आईंनी स्वतः तिला सीटवर बसवली, उपरण्याने भाऊंच्या कमरेशी बांधली आणि वर पदर सारखा केला. तो पदर कॅमेऱ्यात छान आला होता.

भाऊ म्हणजे आमचे हरिभाऊ. केळीची वाडी, थोडी फुलं, आणि एकेचाळीस वर्षांचा परवाना. त्याच्यावर एक डाग नाही, हे ते नव्या माणसाला स्वतःचं नाव सांगायच्या आधी सांगतात. पहाटे फुलं घेऊन निघतात तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, तरी लाल दिव्याला पाय टेकून उभे. स्वतःच्या वाडीत वळतानाही इंडिकेटर देतात. "भाऊ, इथे कुणाला दाखवता?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "केळींना."

सिग्नलवर कॅमेरे बसले तेव्हा सगळ्या गावात आनंद झाला तो एकट्या भाऊंना. समोरच्या नव्या बिल्डिंगमध्ये जयवंतराव राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, संध्याकाळचा चहा आमच्या ओटीवर. त्यांना सात चलनं आलेली. त्यामुळे वाद रोजचा.

"हवालदार तोंड बघतो, ओळख बघतो," भाऊ म्हणायचे. "कॅमेरा कोणाचा भाचा बघत नाय."

"तेच तर दुखणं आहे की हो! भाचा बघत नाही तसं कारणही बघत नाही. मागे ॲम्ब्युलन्स बोंबलत होती म्हणून मी पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे गाडी घेतली. फोटो माझा काढला. ॲम्ब्युलन्सचा का नाही काढला?"

"मग जाऊन सांगा ना तिकडे."

"खांबाशी भांडायला मी काय येडा आहे?"

त्या संध्याकाळी भाऊंचं चलन कळल्यावर जयवंतराव चपला काढायच्या आधीच म्हणाले, "या भाऊ, आमच्या पंगतीला या! पान वाढलेलंच आहे."

भाऊंनी चहाला हात लावला नाही. "डाग पुसला पाहिजे," एवढंच म्हणाले.

"एकदम सिंपल आहे," नीलेश म्हणाले. "ऑनलाइन तक्रार टाकू. 'मागे व्यक्ती नसून निर्जीव वस्तू होती.' विषय क्लोज."

आई आतून पळी घेऊनच बाहेर आल्या. "निर्जीव? जिची पावलं उमटवून घरात घेतली, जिला जाताना 'परत ये गो बाय' म्हणून डोळे पुसले, ती निर्जीव? लिही, लिही. मग पुढच्या वर्षी निर्जीव वस्तूला भाजी-भाकरी तूच दाखव."

"मग सजीव लिहू का? अगं आई, सजीव असेल तर हेल्मेट पाहिजे!"

जयवंतरावांनी बशीतला चहा फुंकला. "पेच आहे," ते म्हणाले, आणि अगदी तृप्त दिसले.

रोज देवापुढे दिवा लावला की मी वहीत चार ओळी लिहिते. काय स्वयंपाक केला, कोण आलं-गेलं, कुठला सण किती वाजता. गौर नेली त्या दिवसाचं पान काढलं. गौरीचं आवाहन जिजाआत्याकडे दुपारी चार वाजता झालं होतं. चलनावरची वेळ सकाळी दहा वीस.

"म्हणजे तेव्हा ती आलेलीच नव्हती," मी म्हटलं. "आवाहनाच्या आधी तो नुसता सांगाडा आणि मुखवटा."

आईंनी वहीतली वेळ स्वतः वाचून पाहिली. "शास्त्राला धरून आहे," त्या नाइलाजाने म्हणाल्या. भाऊंचा चेहरा असा खुलला की मला माझीच वही देव्हाऱ्यात ठेवावीशी वाटली. देवाने क्षमा करावी. अर्ज मीच लिहिला: सदर वेळी मागे फक्त साडी नेसवलेला सांगाडा होता, सबब चलन रद्द व्हावे.

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि मी वाहतूक पोलिसांच्या चौकीत गेलो. "तुम्ही चाललाच आहात तर," म्हणत जयवंतरावही आपली ॲम्ब्युलन्स घेऊन आले.

तिथे क्लेमेंटीन मॅडम होत्या, नंदाखालच्या. त्यांनी आधी जयवंतरावांचं प्रकरण घेतलं. कॅमेऱ्यात नुसता फोटो नसतो, मागचा-पुढचा थोडा व्हिडिओही असतो, हे आम्हाला तिथेच कळलं. व्हिडिओत ॲम्ब्युलन्स स्पष्ट दिसत होती.

"बरोबर आहे तुमचं. हे रद्द करून टाकते," मॅडम म्हणाल्या.

जयवंतरावांचं तोंड एवढंसं झालं. वर्षभर पोसलेली तक्रार दोन मिनिटांत गेली. "पण... बाकीची सहा?" त्यांनी विचारलं.

"त्यात पण ॲम्ब्युलन्स आहे?"

ते बाकावर जाऊन बसले.

मग आमचा अर्ज. मॅडमनी तो दोनदा वाचला, आम्ही नेलेले गौरीचे फोटो पाहिले, हसू दाबलं. "चालेल काका. फक्त हा व्हिडिओ बघून घेऊ आणि सही करा."

व्हिडिओत भाऊ सिग्नलला उभे होते. अर्ध्या मिनिटाने त्यांनी मान मागे वळवली, काहीतरी बोलले, आणि एक हात मागे नेऊन तिचा वाऱ्यावर उडणारा पदर चाकापासून वर घेतला. पुन्हा काहीतरी बोलले.

"सांगाड्याला काय सांगत होता, काका?"

भाऊंना खोटं बोलता येत नाही. ही त्यांची फुशारकी नाही, अडचण आहे. कान लाल झाले. "म्हटलं, ऊन लागतंय का गो माय? घाबरू नको, आता सुटेल. जिजा वाट बघत असेल तुझी."

मॅडमनी पेन पुढे केलं. "मला काही हरकत नाही हां. लोक गाडीवर एकटे पण बोलतात. 'सांगाडा' लिहिलंय, त्याच्याखाली सही करा, तुमचं नाव साफ."

भाऊंनी पेन घेतलं. मी मनात श्रीसूक्त म्हणायला लागले, पण कोणत्या बाजूने म्हणावं ते कळेना. भाऊंनी पेन कागदावर टेकवलं, उचललं, परत टेकवलं. मग अर्ज उलटा करून ठेवला.

"आवाहन चारला झालं, हे सुनेचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण माझ्यासाठी ती आमच्या अंगणापासूनच बसली होती. मग आता नव्हती कशी म्हणू? होती. आणि तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, ती चूक माझी. चलन राहू द्या."

क्लेमेंटीन मॅडमनी हसणं थांबवलं. "आमच्या सायबिणीची, मदर मेरीची मिरवणूक निघते, काका. तिला लाकूड म्हणून सही कर म्हणाले तर मी पण नाही करणार." मग अर्ज परत देत म्हणाल्या, "दिवसाला तीस माणसं येतात. सगळे सांगतात, मी तिथे नव्हतोच. 'होती' म्हणणारे तुम्ही पहिले."

बाहेर आल्यावर जयवंतरावांना राहवेना. "भाऊ, एकेचाळीस वर्षं घालवलीत! अहो, चूक कॅमेऱ्याची होती. त्याला देवी कुठे कळते?"

"त्याला एक बाई दिसली. तुम्हाला तर सांगाडाच दिसत होता," भाऊ म्हणाले, आणि हेल्मेटचा पट्टा लावून, इंडिकेटर देऊन निघाले. मी मागे हेल्मेट घालून.

घरी आईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, डाग राहिला म्हणून हळहळतील. त्यांनी भाऊंच्या पानात बिरड्याची आमटी नेहमीपेक्षा दोन पळ्या जास्त वाढली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पण तुम्हीच न्यायची. मात्र हेल्मेट घालून. तिचा गजरा मी मागाहून माळीन."

"अंबाड्यावर बसेल का पण?" नीलेशनी विचारलं. त्यावरून रात्रीपर्यंत चर्चा चालली. दुकानदाराला डोक्याचा घेर सांगावा लागतो, आणि मुखवटा तर जिजाआत्याच्या माळ्यावर आहे. उद्या सकाळी फुलं पोचवून झाली की भाऊ दोरा घेऊन माणिकपूरला जाणार आहेत, तिच्या डोक्याचं माप घ्यायला.