कुंकवाने धरलेला स्क्रू

लिहावं की नाही, यावर बरेच दिवस घुटमळलो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही, आणि मी शिकतो ते मृदाशास्त्र. अशाने एका अडकलेल्या स्क्रूवर काही लिहायला बसावं, हा आगाऊपणाच. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण मशीनच्या तेलाचा वास अजून बोटांवरून गेलेला नाही, आणि तो आहे तोवर दुसरं काही सुचेल असं वाटत नाही.

इथे परदेशात, टार्निट नावाच्या उपनगरात मी ज्या काकूंकडे खोली घेऊन राहतो, त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीशेजारी एक काळं शिलाई मशीन आहे. पुण्याहून घरसामानाबरोबर जहाजाने आलेलं. शनिवारी दुपारी शटर वर होतं, नव्या घरांच्या एकसारख्या छपरांवरून कोरडा वारा येत होता. काकूंनी तेलाची बाटली उघडली आणि तो गोडसर, किंचित रॉकेलसारखा वास आला. त्या वासाने मला सरळ सांगलीकडच्या आमच्या गावात, आण्णांच्या दुकानात नेऊन उभं केलं.

आण्णा म्हणजे माझे वडील. शिलाई मशीन दुरुस्तीचं त्यांचं दुकान कपाटाएवढं. मी शाळेत होतो तेव्हाच त्यांनी पाटीवर आपल्या नावापुढे ‘आणि चिरंजीव’ असं रंगवून घेतलं होतं. मी इथे शिकायला निघालो तेव्हा ते रागावले नाहीत, अडवलंही नाही. फक्त माझ्याशी बोलायचे थांबले. व्हिडिओ कॉलवर आई दिसते, आणि तिच्यामागून कधी आण्णांची शर्टाची बाही सरकत जाते. आता पदवीदान जवळ आलंय. आण्णांना घेऊन ये, असं मी आईला कितीदा सांगितलं. ती म्हणते, ‘इचारलं बाबा.’ आणि विषय बदलते.

काकूंच्या मशीनचा सुईवरच्या नक्षीदार पट्टीचा स्क्रू जाम झाला होता. त्याची खाच लालभडक दिसत होती, आणि मला हसू आलं. खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतो, भक्तीने ओलं हळदकुंकू लावतो, आणि ते नेमकं स्क्रूच्या डोक्यावर लागतं, कारण बोट टेकायला तीच जागा सोयीची. ते खाचेत वाळतं, ओल खाली आट्यांत उतरते आणि गंज धरते. नवमी झाली की आण्णांच्या दुकानात अशा मशीनची रांग लागायची. ‘देवी प्रसन्न झाली, पण स्क्रू रुसला की वो वहिनी,’ असं ते गिऱ्हाइकाला म्हणायचे. काकूंनी हीच पूजा सातासमुद्रापार इमानाने चालू ठेवली होती.

काका आतून ड्रिल घेऊन आले. ‘सरक रे, दोन मिनिटांत काढतो.’

‘ड्रिल लावायचं नाही,’ काकू म्हणाल्या. ‘माझ्या सासूबाईंचं मशीन आहे.’

‘अगं, माझी आई होती ती!’

‘तुमची आई, पण मशीन मला दिलंय.’

दारात उभी असलेली त्यांची मुलगी म्हणाली, ‘ममा, जस्ट गेट अ न्यू वन.’ तिला दोघांनीही एकदम गप्प केलं.

असा स्क्रू इथे मिळणार नाही, हे मला माहीत होतं. जोर लावला आणि खाच एकदा गुळगुळीत झाली, की मग तोडण्यावाचून उपाय नाही. मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि स्क्रू दाखवला. काय करावं हे थोडंफार आठवत होतं, तरी विचारलं. आईलाच विचारलं, पण जरा मोठ्याने. ती म्हणाली, ‘मला काय कळतंय त्यातलं?’ तिच्यामागून सरकणारी शर्टाची बाही मध्येच थांबली. शेवटी मागून आवाज आला, ‘त्याला म्हणावं, आधी खाचेतलं कुकू टाचणीनं काढ. तेल सोड आन् थांब. गडबड करू नगं. फिरवताना आधी सोडवू नगं, जरा आवळ. हलला की मग सोडव.’

बोलणं आईशी होतं. मी ‘हो’ म्हणालो.

खाच कोरून साफ केली, तेलाचा थेंब सोडला. मग आम्ही चहा प्यायलो. गंज सैल व्हावा म्हणून काकूंनी इस्त्री तापवून दिली. तिचं टोक स्क्रूवर टेकवून धरलं, पुन्हा थेंबभर तेल. खाचेत घट्ट बसेल असा रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर शोधला, त्यावर अंगाचा भार दिला आणि आधी आवळला. सोडवायच्या वस्तूला आधी आवळायचं, हे लहानपणी मला कधी पटलं नव्हतं. पण तळहाताला अगदी बारीक कट् असं काही जाणवलं, नखाएवढी हालचाल झाली. मग उलटा फिरवला. तो कुरकुरत, तांबडी पूड सोडत वर आला. त्याला एक ओरखडाही नव्हता.

काकूंनी लगेच त्याला नमस्कार केला. ‘आता पुन्हा कुंकू लावू नकोस,’ काका म्हणाले. ‘लावणार,’ त्या म्हणाल्या, ‘पण बाजूला.’

तळहातावरच्या स्क्रूचा फोटो मी आईच्या फोनवर पाठवला. पाहिल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या उमटल्या. पुढचे काही दिवस युनिव्हर्सिटीत जाता-येता ट्रेनमध्ये मी सारखा फोन बघत होतो. बोटांना वास होताच. वाटत होतं, मी निघालो आणि दुकान माझ्या हातातून सुटलं, पण हातातलं सगळं काही सुटत नसावं. आण्णांना हे कधी सांगता येईल की नाही, कोण जाणे.

आज सकाळी आईचा फोन आला. ती आधी पावसाचं बोलली, मग शेजारच्यांच्या म्हशीचं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाली, ‘आरं, आण्णा काल पासपोर्टचा फोटू काढून आल्यात. आन् इचारत्यात, बॅगंत स्क्रू ड्रायव्हर चालतोय का म्हणून.’