फ्रिजवरचा तक्ता

मॅडमनी माझ्या कपाळावर सोनेरी स्टार चिकटवला. कपाळावर. सगळ्या ऑफिससमोर.

"गुड गर्ल! आज एकदाही हाय-नाय नाही, आणि डब्याला वासही नाही."

सगळे हसले. मीही हसले. वर "थँक्यू मॅडम" म्हणाले. चौतीस वर्षांची बाई मी, बी.एड. झालेली, दहा वर्षं विशेष मुलांना शिकवलेली. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कंपनी मॅडमची, ऑफिस पनवेलला. हळू शिकणाऱ्या मुलांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो, आणि त्यातले काही धडे मी लिहायचे. मॅडमची पद्धत अशी की कामाचे बारीक तुकडे करायचे. जमलं की लगेच टॅबवर स्टार. मूल नको ते करायला लागलं की तोंड फिरवायचं, बघायचंच नाही. कुणी बघत नाही म्हटल्यावर सवय मरते. त्यातला सगळ्यात जास्त चाललेला धडा माझा होता. त्यात शेवटची पायरी आधी शिकवायची. बुटाची लेस आपण ओवायची, गाठ आपण घालायची, शेवटचं ओढणं मुलाचं. म्हणजे काम त्याच्या हातून पुरं होतं. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. आमच्या गावी, करंज्याला, माझा बाप फाटलेलं जाळं शिवायचा आणि शेवटची गाठ माझ्याकडून मारून घ्यायचा. "तूच केलंस गो," म्हणायचा.

मी हे मॅडमना सांगितलं. हौसेने सांगितलं, मूर्ख मी. "किती क्यूट!" म्हणाल्या. आणि चार दिवसांनी पँट्रीतल्या फ्रिजवर माझ्या नावाचा तक्ता लागला, मुलांचा असतो तसाच. दोन रकाने. बोलणं आणि डबा. वीस स्टार झाले की मला शाळावाल्यांसमोर बसवणार आणि धड्यांवर माझं नाव लावणार.

"तुझ्याच भल्यासाठी गं," त्या म्हणाल्या. "क्लायंटसमोर कसं दिसतं ते?"

मला नाव हवं होतं. बापाच्या गाठीवर माझं नाव. म्हणून मी सुधारायला लागले. आय सकाळी उठून सुकट परतायची, भाकरी बांधायची. मी ती बसस्टॉपमागच्या कुत्र्यांना घालायचे आणि दुपारी विकतचा डाळभात खायचे. संध्याकाळी आय रिकामा डबा घासायला घ्यायची.

"खाल्लंस ना?"

"खाल्लं."

एकोणीस स्टार मी असे कमावले.

मग शाळांचे ट्रस्टी आले. हॉल भाड्याने घेतलेला, एसी, समोसे, मोठा पडदा. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. पडद्यावर माझा धडा आला. खाली लेखिकेचं नाव मॅडमचं. मी म्हटलं, चुकून राहिलं असेल. तेवढ्यात मॅडमनी माझं रेकॉर्डिंग लावलं. माझ्या इंटरव्ह्यूचं. "आमी करंज्याचे. माझा बापूस मासेमारी करतो. मला इंग्लिश जास्त जमत नाय." हॉलमध्ये खसखस पिकली. मग दुसरं रेकॉर्डिंग, गेल्या आठवड्याचं, गुळगुळीत.

"बिफोर अँड आफ्टर," मॅडम म्हणाल्या. "आमची पद्धत मोठ्यांवरही चालते."

एक ट्रस्टी ओरडला, "आमच्या शिपायाला पण लावा की हो हे!"

टाळ्या. मॅडम विसावा स्टार घेऊन माझ्याकडे आल्या. मी उठले. त्यांचा हात बाजूला केला आणि माइक घेतला.

"धडा माझा हाय. माझ्या बापाचा हाय. आन मी सुधारलेली नाय."

मॅडमचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. त्या आमच्या टीमकडे वळून हळूच म्हणाल्या, "इग्नोर. कोणीही बघू नका."

आणि कोणी बघितलं नाही. माझ्यासोबत रोज चहा पिणारी माणसं लॅपटॉपमध्ये डोकी घालून बसली. मॅडम पडद्याकडे तोंड करून पुढचा मुद्दा सांगू लागल्या. मी बोलत होते. माइक मधेच बंद झाला, तरी बोलत होते. भरल्या हॉलमध्ये मी नव्हतेच.

तेव्हा मला मनू आठवली.

मनू सहा वर्षांची, जासई गावची. सॉफ्टवेअर मुलांवर करून बघायचो, त्या ट्रायलला यायची. "घरी, घरी" करून रडायची. मी खुर्ची भिंतीकडे फिरवून बसायचे, ती गप्प होईपर्यंत. सतरा दिवस मी हे केलं. अठराव्या दिवशी ती रडली नाही. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, रडणे शून्य. खाली माझी सही. तो एकच कागद, ज्यावर माझं नाव होतं.

नोकरी त्याच दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी मी जासईला गेले. मनूची आई कंटेनरच्या गोदामात कँटीनला चपात्या लाटते. मला बघून खूश झाली.

"लय सुधारली बाय ती. परवा पेज सांडली पायावर, कातडी सोलली. पण तोंडातनं आवाज नाय."

कौतुकाने सांगत होती. मनू तिथेच कोपऱ्यात, पायाला फडकं गुंडाळलेली. माझ्याकडे तिने पाहिलं आणि सरळ बसली, हात मांडीवर ठेवून.

मी आईला सगळं सांगितलं. शब्द न गाळता. ती ऐकत राहिली. मग लाटणं खाली ठेवलं, मनूला उचललं आणि म्हणाली, "निघ इथनं."

बरोबर केलं तिने. माफी मागायला गेले होते, ती मिळायची नाही. मिळायलाही नको.

आता ज्या ज्या शाळेने ते सॉफ्टवेअर घेतलंय तिथल्या पालकसभेला मी जाणार आहे. आधी मी मनूचं काय केलं ते सांगणार, मग ते करायला मला कुणी शिकवलं ते. नाव घेऊन सांगणार. पहिलं नाव माझं, दुसरं मॅडमचं. ते तोंडं फिरवतील. फिरवू देत. जिकडे फिरवतील तिकडे जाऊन मी समोर उभी राहणार.