दोडक्याची पहिली फोड

आमच्या घरी भाजी चाखायला बंदी होती. नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता करतात, हे सगळ्यांनाच माहीत असतं. आमच्याकडे मात्र रोजचाच स्वयंपाक न चाखता व्हायचा, कारण पहिला घास वडिलांचा. त्यांच्याआधी कुणाची जीभ लागली की अन्न उष्टं झालं. देव निदान अळणी भाजीसाठी कुणाला मारत नाही.

वडिलांना मी आप्पा म्हणते आणि तोंडावर अहो-जाहो करते. मनात कधीच केलं नाही. इथे मनातलं लिहायला बसले आहे, तेव्हा इथे तो 'तो'च राहील.

आम्ही नवागामला एका खोलीत राहायचो. गल्लीत सगळी खानदेशातून यंत्रमागावर कामाला आलेली लूमवाल्यांची घरं. आप्पाची कायम रातपाळी. सकाळी आठला यायचा, भुवयांवर सुताची धूळ, कानात अजून मशीन चालू, म्हणून घरातही ओरडूनच बोलायचा. हातपाय धुऊन पाटावर बसला की माय ताट वाढायची आणि आम्ही दोघी मायलेकी भिंतीला टेकून त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायचो. घास चावून झाला, गिळून झाला, हात दुसऱ्या घासाकडे गेला की आमचा श्वास सुटायचा. हात गेला नाही तर ताट भिंतीवर.

बारा तास घाम गाळून आलेल्या माणसाला मीठ जास्त लागतं, हे मला आता कळतं. मायला चाखायची मुभा असती तर तिलाही कळलं असतं. ती बिचारी अंदाजाने घालायची. अंदाज चुकला की भिंतीवरचा धोटा खाली यायचा. धोटा म्हणजे मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे पळतो तो लाकडी ठोकळा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेला. कारखान्यात टाकून दिलेला एक त्याने घरी आणून खिळ्याला लटकवला होता. मायचं डावं कोपर त्याच धोट्याने मोडलं. वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडलं होतं, एवढंच कारण. तो हात नंतर कधी पूर्ण सरळ झाला नाही. भाकरी थापताना ती एका खांद्यावर कलायची.

अशा घरात मला भाज्या आवडायला हव्या होत्या म्हणे. शेजारणी म्हणायच्या, तुमची पोर फार नखरेल, ताटातली गिलकी तशीच ठेवते. गिलकी, दोडकी, दुधी, वेलावरची कुठलीही भाजी बघितली की मी ताट दूर सारायचे. माय ती तिखटात आणि तेलात बुडवून टाकायची, वरून दाण्याचा कूट घालायची, म्हणजे मीठ इकडेतिकडे झालं तरी लपेल. गिलक्याची खरी चव कशी असते ते त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मी दहा वर्षांची असताना एका सकाळी मायला ताप होता. तिने भाकऱ्या केल्या आणि दोडकी चिरायला मला बसवलं. चिरता चिरता मी एक फोड तोंडात टाकली. पोरं टाकतातच. ती इतकी कडू होती की माझी जीभ आखडली. वेलाच्या भाजीत एखादी अशी कडू निघते आणि सगळं पातेलं कडू करते. तेव्हाच सांगितलं असतं तर माय तो दोडका बाजूला काढू शकली असती. पण सांगायचं म्हणजे मी चाखलं, हे कबूल करायचं. आप्पा तोवर घरी आला होता, दारातल्या मोरीवर हातपाय धूत होता. पंधरा दिवसांपूर्वी डाळीची पळी चाटली म्हणून माझ्या तळव्यावर बसलेला धोट्याचा वळ अजून निळा होता. मी थुंकी गिळली आणि सगळ्या फोडी एकत्र करून मायकडे सरकवल्या. तिखटात लपेल, असं मला खरंच वाटलं.

आप्पाने पहिला घास भिंतीवर थुंकला. ताट मात्र फेकलं नाही. त्याने पातेलं ओढून मायच्या पुढ्यात ठेवलं, खिळ्यावरचा धोटा काढला आणि तिच्यासमोर बसला.

"खाय," तो म्हणाला. "सगळी."

मायने खाल्ली. दोन-चार घासांनंतर तिला ओकारी आली, तेव्हा त्याने तिच्या मोडक्या कोपरावर धोटा मारला. ती पुन्हा खाऊ लागली. थांबली की धोटा, थांबली की धोटा. तिच्या हनुवटीवरून लाल तेल गळत होतं. एकदा तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली बघितलं. पातेलं पुसून झाल्यावर तो झोपायला गेला आणि पाच मिनिटांत घोरू लागला.

दुपारपर्यंत मायच्या उलटीत रक्त यायला लागलं. गल्लीतल्या बायकांनी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी, सलाईन चालू असताना, तिने मला जवळ बोलावलं.

"तुले माहीत व्हतं का, पोरी?"

मी मान हलवून नाही म्हटलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कूस बदलली. त्यानंतर ती अठरा वर्षं जगली. तिने पुन्हा विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ती गेली त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, लेक किती रडते आहे. मी कशासाठी रडत होते ते फक्त मला माहीत होतं.

लग्नानंतर मी त्याच शहरातल्या भेस्तानला आले. नवरा बमरोलीच्या मिलमध्ये रंगखात्यात, शांत माणूस, पुढ्यात येईल ते खाणारा. माझ्या घरात बटाटे, कडधान्यं, शेवभाजी. वेलाची भाजी उंबरा ओलांडून आत आली नाही. भाजीची हातगाडी घेऊन येणारा लारीवाला खालून "तुरिया, गलका", म्हणजे दोडकी-गिलकी, ओरडायचा तेव्हा मी खिडकी लावून घ्यायचे.

मग आप्पाचं हृदय मोठं झालं आणि पाय सुजले. एकुलती एक मी, तो जाणार कुठे? त्याला माझ्या घरी घेऊन आले. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं की मीठ बंद, लोणचं-पापड बंद, तेल नावाला, आणि दुधी, गिलकी, दोडकी अशा साध्या भाज्या द्या. परतताना रिक्षात मला हसू आवरेना. आप्पा विचारत होता काय झालं म्हणून. मला पेढे वाटावेसे वाटत होते.

पहिल्या दिवशी मी गिलकी नुसती पाण्यात शिजवली आणि ताट त्याच्यापुढे ठेवलं. त्याने एक घास खाल्ला. हात दुसऱ्या घासाकडे गेला नाही.

"भाजीमा मीठ नही."

या वाक्याची मी तीस वर्षं वाट पाहत होते. नही, मी म्हटलं. त्याने सवयीने ताट उचललं. मी त्याचं मनगट धरलं आणि पिरगाळत खाली आणलं, जमिनीला टेकेपर्यंत. तो कण्हला तरी सोडलं नाही. म्हाताऱ्याच्या हाडांत आता काही उरलं नव्हतं आणि माझ्या हातात त्याचाच सगळा जोर आला होता. मला बरं वाटलं. लाज दुसऱ्या दिवशी वाटली, तीही थोडीच.

म्हाताऱ्याला छळते असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून मी त्याच्यासमोर बसून तीच भाजी खाऊ लागले. पहिला आठवडा ओली चिंधी चावल्यासारखा गेला. पण रोज आपल्यालाही तीच गिळायची म्हटल्यावर मी हळूहळू लक्ष घालायला लागले. गिलक्यात पाणी घालायचंच नाही, त्याला स्वतःचं भरपूर पाणी सुटतं, हे मला चाळिशीत कळलं. चमचाभर तेलात लसूण चांगला लाल होऊ द्यायचा, जिरं टाकायचं, वर फोडी, वर ताटली आणि गॅस बारीक. शेवटी लिंबू पिळलं की मिठाची आठवण निम्मी होते. दुधीला मेथीदाण्याची फोडणी चालते. दोडक्याच्या शिरा फेकायच्या नाहीत, तिळासोबत भाजून त्यांची चटणी करायची.

एका सकाळी मी पळीतला थेंब तळहातावर घेतला आणि चाटला. चाटल्यावर आधी दाराकडे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग मी अजून एक थेंब घेतला. गिलकं गोड असतं. साखरेचा गोडपणा वेगळा. हा हळू येतो आणि जरा वेळ थांबतो. मी गॅसपाशी उभ्या उभ्या कढईतलं अर्धं गिलकं संपवलं. मला मायची फार आठवण आली. तिने जन्मभर गिलकी रांधली आणि कढईतलं गरम गिलकं तिच्या तोंडाला कधी लागलं नाही.

त्यानंतर मी लारीवाल्याला खिडकीतून हाक मारायला लागले. दोडकी निवडताना बोटाने दाबून बघायचे, कोवळी तेवढीच घ्यायचे. चिरायला बसले की प्रत्येक दोडक्याची पहिली फोड चाखायची, हा माझा नियम.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. तिसऱ्या दोडक्याची फोड तोंडात टाकली आणि जीभ आखडली. तीच चव. मी थुंकले नाही. आप्पा बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. मी विळीपाशी बराच वेळ बसून राहिले. मग तो दोडका चिरला. इतर फोडींत मिसळला. लसूण लाल केला, जिरं टाकलं, वर ताटली ठेवली. त्या दिवशी मी माझं ताट वाढून घेतलं नाही.

"आप्पा, सगळं खावानं शे," मी म्हणाले आणि त्याच्यासमोर बसले. हातात लाटणं होतं. ते मी कधी उचललं, मला आठवत नाही.

त्याने घास घेतला. तोंड वाकडं झालं. त्याने लाटण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वाट बघत होते की तो थुंकेल, म्हणजे मला हात उचलता येईल. तो थुंकला नाही. त्याने गिळलं आणि दुसरा घास घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी तिसरा घेतला.

"तुनी मायले असंच लागनं व्हई," तो म्हणाला.

मी ताटाला लाथ मारली. ताट भिंतीवर आपटलं आणि फोडी सगळ्या खोलीभर झाल्या. लाटणं मी जमिनीवर इतक्या जोरात मारलं की त्याचे दोन तुकडे झाले. मग मी त्याच्यावर ओरडले. मायने खाल्ली तेव्हा मला माहीत होतं, मी फोड चाखली होती, भाजी कडू आहे हे तुमच्याआधी मला माहीत होतं. ज्या बाईला सांगायचं होतं ती गेली, आणि मी कबुली देत होते ती याला.

"मंग तू बोलनी का नही?" त्याने विचारलं.

तुम्ही मला मारलं असतं, मी म्हणाले. जेवणाची वेळ सांगावी तितक्या साध्या आवाजात तो म्हणाला की हो, मारलंच असतं. त्याला पाणी पाजून मी तोंडात बोटं घालायला लावली. त्याने सगळं उलटून टाकलं. मी भिंत पुसली. संध्याकाळी मुगाची खिचडी लावली आणि दोघांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी दोडकी चिरायला बसले तेव्हा तो भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आला आणि विळीसमोर बसला. पहिली फोड मी उचलायच्या आत त्याने हात पुढे केला. मी दिली. त्याने चावली, नीट चघळली. आता रोज हेच चालतं. देवासारखा पहिला घास घेणारा माणूस माझ्यासमोर फरशीवर बसतो आणि कच्च्या फोडी चाखतो. मी त्याला क्षमा केलेली नाही. त्यानेही मागितलेली नाही. दोडका मात्र मला आवडतो, अगदी मनापासून.

"गोड शे," तो म्हणतो.

मग मी त्याच दोडक्याची दुसरी फोड काढते आणि स्वतः चाखते. त्याच्या शब्दावर कढई ठेवायची माझी अजून तयारी नाही.