शेणी विकून घेतलेले शेअर

निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण ते प्रकरण माझ्या डोक्यात अजून दप्तरी दाखल झालेलं नाही.

सकाळची हजेरी चालू होती. एवढ्यात दूध कट्ट्यावरचा एक म्हातारा आमच्या पोलीस ठाण्यात शिरला. गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून ताजं दूध विकायचा त्याचा धंदा. आवाज असा, की हा कट्ट्यावर खाकरला की पंचगंगेपलीकडच्या म्हशी पान्हा सोडायच्या. खोटं वाटत असेल तर त्या म्हशींना विचारा.

"सायेब, पोरानं माझं शेअर इकलं! चोरी हाय ही. आत टाका त्येला!"

ठाणे अंमलदाराचा चहा त्या आवाजानंच सांडला.

शेअर म्हाताऱ्याच्या नावावर, पण ते घेतले होते त्याच्या बायकोनं, शेणाच्या गोवऱ्या, म्हणजे शेणी, थापून-विकून साठवलेल्या पैशातून. ती गेल्यावरही दरवर्षी डिव्हिडंड जमा झाला की म्हातारा गल्लीभर बासुंदी वाटायचा आणि सांगायचा, "म्हातारीनं धाडलीया."

पोरगं एकुलतं एक, बँकेत कारकून. गुन्हा दाखल झाला असता तर त्याची नोकरी गेलीच असती. म्हणून मी आधी तक्रार अर्जावर प्राथमिक चौकशी लावली.

दुपारी आमच्या खबऱ्यानं बातमी आणली. पोरगं नवी चारचाकी बघत फिरतंय! हा खबऱ्या इतका तयार, की लग्न ठरायच्या आत बारशाची खबर द्यायचा. म्हटलं, मिटलं प्रकरण.

पोराला समोर बसवलं, म्हाताऱ्याला बाकावर. मी मिशीला नुसता हात लावला की भले भले दरोडेखोर पाणी मागायचे. हा पठ्ठ्या ढिम्म.

"शेअर विकलेस?"

"विकले. आबा धार काढत होते, त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी मीच घेतला."

"आणि गाडी कुठली घेतलीस?"

"गाडी आमच्या मॅनेजरला घ्यायचीया, साहेब. मी नुस्ता संगं गेलतो."

"मग पैसे?"

"त्या पैशाचे दुसऱ्या कंपनीचे शेअर घेतले. आबांच्याच नावावर."

ब्रोकरच्या ऑफिसात हवालदार पाठवून खात्री केली. एक रुपया इकडचा तिकडं झाला नव्हता.

"अरे, मग हा उद्योग कशाला?"

"त्या कंपनीचा धंदा आटलाय, साहेब. कर्ज काढून डिव्हिडंड वाटत्यात. तो थांबला की भाव मातीत जाणार. म्हस आटायला लागली की आबा लगेच बाजार दाखवतात. मग ह्या शेअरनाच का न्हाय?"

म्हातारा उठला. "म्हस इकताना तुझ्या आईला इच्यारायचो मी. ती एक दिस जास्त ठिवून घ्यायची, वैरण घालायची, हळद-कुंकू लावून मग सोडायची. तू काय केलंस?"

"कितींदा विचारलं, आबा! तुम्ही दरवेळी आईच्या फोटोकडं बोट दाखवायचा."

"मग आजून एकदा इच्यारायचं की रं!"

मी मिशीवरचा हात काढला. म्हाताऱ्यानं अर्ज मागं घेतला, पण पोराकडं न बघता बाहेर पडला. पोरानं पुढं वेगळी खोली केली.

त्या कंपनीनं नंतर डिव्हिडंड बंद केला, शेअर कवडीमोल झाला. पोराचा हिशेब चोख निघाला. नव्या शेअरचा डिव्हिडंड वेळेवर येतो. बासुंदी मात्र गल्लीनं पुन्हा खाल्ली नाही.

तक्रारीत लिहिलेली वस्तू आणि खरी गेलेली वस्तू एकच असेल असं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. कधी विकायचं ते पोराला कळलं होतं. बापाला बायकोचा निरोप घ्यायला एक दिवस हवा होता, ते कळलं नाही. तो दिवस हिरावला म्हणून लावायला आमच्याकडं कलम नाही. असतं, तर मी तरी कुणाला आत टाकलं असतं?

परवा कट्ट्यावर दूध प्यायला गेलो होतो. ऑफिसला जाता जाता पोरगं येऊन बापाशेजारी उभं राहिलं. म्हाताऱ्यानं धार काढली, फेसाळता ग्लास पुढं केला आणि कुठल्याही परक्या गिऱ्हाइकाला म्हणतात तसं म्हणाला,

"घ्या, पावणं."