भाच्यावर हात उठत नाही

आमच्या कारधा गावात माह्या हाताचं नाव होतं. वेल्डिंगच्या दुकानात कोणी वाकडं बोललं की आधी त्याच्या कानाखाली वाजायची, मग बोलणं. अशा माणसाले त्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावरच्या लोकांसमोर मार पडला, अन् त्यानं हात उचलला नाही. मारणारा माह्या सख्ख्या बहिणीचा पोरगा होता. तीस वर्षांचा धिप्पाड गडी.

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडते. भाचा पाळण्यात असो की मिशीवाला, पाय त्याचेच. त्याच्यावर हात उचलला तर सात जन्म पाप फिटत नाही, हे आईनं लहानपणीच डोक्यात ठोकून बसवलं होतं. ज्याचं कर्ज माह्या डोक्यावर होतं, त्या सावकाराले हे बरोबर माहीत होतं. वसुलीले त्याले दहा गुंडे भेटले असते, पण माह्यासाठी त्यानं माहा भाचाच कामाले ठेवला. हरामखोराचं डोकं पाहा!

झालं असं, की एका ठेकेदारानं शेडचं मोठं काम करून घेतलं अन् पैसे बुडवून पळाला. लोखंड मी उधारीवर आणलेलं. मग बँक, मग फायनान्स, मग मोबाइलवरचं कर्ज, एकाचं फेडायले दुसऱ्याचं. शेवटी हा सावकार. त्यानं कर्जापोटी दुकानाच्या जागेची खरेदी स्वतःच्या नावानं लिहून घेतली. "नावापुरती आहे, पैसे आले की परत." अडला हरी गाढवाचे पाय धरी! सही करून आलो. आता ती जागा गेली तर दुकान गेलं, अन् दुकानाशिवाय आमच्या घरी दुसरी कमाई नव्हती.

त्या दुपारी भाचा दोघांना घेऊन दुकानावर आला. "मामा, जागा खाली कर."

"बस, चहा घे," मी म्हटलं.

त्यानं चहाचा ग्लास उडवला अन् भिंतीजवळचा पाइप उचलला. पहिला खांद्यावर, दुसरा पाठीत. मी खाली पडलो तर त्या दोघांनी लाथा घातल्या. तिसरा फटका उजव्या मनगटावर बसला अन् हाड मोडल्याचा आवाज मले स्वतःले ऐकू आला. शेजारचा पंक्चरवाला बोंबलून राहिला होता, "अरे, दे ना एक त्याले! काहून मार खाऊन राहिला?" माही हातोडी डाव्या हाताजवळच पडली होती. भाच्याचा गुडघा समोर दिसून राहिला होता. खोटं कायले सांगू, तो फोडावा असं मनापासून वाटलं. मी हातोडी पायानं दूर लोटली.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कसं लागलं? "शिडीवरून पडलो," मी सांगतलं. कागदावर तेच आलं.

हात गळ्यात अडकवून मी भंडाऱ्याच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज करून देणारा वकील शोधत फिरलो. पहिला हसला. "दिवाळखोरी शेठलोकांची असते बापा, तू जागा सोड अन् मोकळा हो." दुसऱ्यानं ऐकून घ्यायच्या आधी फी मागतली. तिसरी एक वकीलबाई भेटली. तिनं दोन तास बसवून एकेक कर्ज विचारून कागदावर मांडलं. एक मी लपवलं, तर तेही हुडकून काढलं अन् झापलं.

"नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज जिल्हा न्यायालयात करता येतो," ती म्हणाली, "पण त्यानं सगळं माफ होते असं समजू नका. तुमच्याजवळ जे आहे ते कोर्ट ताब्यात घेईल अन् ज्यांचं देणं आहे त्यांच्यात वाटेल. तो शेवटचा रस्ता. सावकाराजवळ परवाना नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार करू, कर्जापोटी लिहून घेतलेली खरेदी रद्द होऊ शकते. जागा सुटली की बँकेशी हप्ते बांधू. आता सांगा, मारलं कोणी?"

"शिडी."

तिनं पेन खाली ठेवला. "मग जा, शिडीवर केस करा. तो पुन्हा येईल."

तिसऱ्याच दिवशी आला, घरी. बायको दारात आडवी झाली. लहानपणी तिच्याच ताटात जेवलेला हा पोरगा! त्यानं तिचे केस धरले, अंगणात ओढलं अन् डोकं भिंतीवर आपटलं. कपाळ फुटलं. मी डाव्या हातानं त्याचा गळा धरला, असा धरला की त्याचे डोळे पांढरे झाले. पाप गेलं चुलीत! रक्तानं भरलेल्या तोंडानं बायको ओरडली, "मारू नका जी! ठाण्यात चला, नाव सांगा याचं!"

मी गळा सोडला अन् ठाण्यात जाऊन नाव सांगतलं.

नंतर वकीलबाईनं उपनिबंधकाकडे तक्रार लावली अन् सावकाराच्या घराची झडती झाली. माह्यासारख्या कितीतरी लोकांच्या खरेदीचे कागद कपाटातून निघाले. चौकशी सुरू आहे, तोवर माह्या दुकानाले कोणी हात लावू शकत नाही. दोघांलेही अटक झाली, पण सावकार आठ दिवसांत जामिनावर सुटला. भाचा तुरुंगातच राहिला.

मग बहीण आली. ओट्यावर बसली, पाणीही घेतलं नाही.

"दोन झापडा मारल्या असत्या त्याले, तर घरातलं घरात राह्यलं असतं," ती म्हणाली. "त्याचा शेठ फोन उचलत नाही. माह्याजवळ कोनी नाही. तूच पाह्य ना एखादा वकील, दादा."

मी तोंडाले येईल ते बोललो. तुह्या भावजयीचं कपाळ पाह्य म्हटलं, माहा हात पाह्य म्हटलं. चालती हो इथून, असंही म्हटलं. ती ऐकत बसली. उठली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कोर्टात गेलो. फौजदारीचा एक वकील लोकांनी दाखवला, त्याच्यासमोर बसलो.

"आरोपी तुमचा कोण?"

"भाचा."

"अन् फिर्यादी कोण आहे?"

"मीच," मी सांगतलं.