कोरडेमामांचं अंगण

खाणीवरचे मजूर मुकादमांना कोरडेमामा म्हणायचे. पाणी सांडलेलं दिसलं की मामांच्या कपाळाला आठी. खाणीत कुणी साधी चूळ भरली तरी ओरडायचे, "घाम गाळायचा तोसुद्धा बाहेर जाऊन गाळा."

त्यांचंही खरंच होतं. खाण ती केवढीशी. कधीकाळी तिथे खारं तळं होतं. ते आटलं आणि मातीखाली जिप्समचा पांढरा थर मागे राहिला. मध्ये पुरुषभर जाड, कडेला जेमतेम हातभर. नखानं ओरखडा उठेल इतका मऊ दगड. कुठे कुठे काचेसारखे पापुद्रे निघायचे. पाण्याशी मात्र त्याचं वाकडं. पाणी त्याला विरघळवत नेतं, अगदी सावकाश, वर राहणाऱ्याला पत्ता लागू न देता.

मामांचं घर त्याच थरावर, कडेला होतं. म्हणून सांडपाणी मागच्या बाजूनं नळीतून लांब सोडलेलं. अंगणात नळ नाही, झाड नाही. मग त्यांची सात वर्षांची लेक तापात गेली. त्याआधी कधीतरी तिनं पुढच्या भिंतीलगत डाळिंबाचे दाणे खोचले होते. त्यातलं एक रोप ती गेल्यावर वर आलं. मामी विहिरीवरून बादल्या भरभरून त्याला घालू लागल्या. घालून झालं की तिथेच बसून त्याच्याशी बोलायच्या. एरवी त्या कुणाशी चकार शब्द बोलत नसत. मामांनी हे पाहिलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

झाडाला फळं धरू लागली तोवर घराची भिंत कलली. इंजिनिअर आला. "खाली पोकळी झालीय. पाणी मुरलं कुठून?"

"नळी फुटली असेल," मामा म्हणाले.

घर पाडायचं ठरलं. सामान बांधताना मामींनी विचारलं, "नळी मागे आहे ना हो? भिंत तर पुढची खचली."

मामा गाठोडं आवळत राहिले. गाठ काही बसेना.

"जन्मभर लोकांना चूळ भरू दिली नाहीत. मलाच का नाही अडवलंत?"

"अडवलं असतं तर तू बसली कुठे असतीस?"

"मला वाटायचं, मी तिला जगवतेय," मामी एवढंच म्हणाल्या.

बाहेर मशीनवाला घाई करत होता. मामा त्याच्यापाशी गेले. "भिंत मागाहून पाड. आधी झाड काढ, मुळासकट. भिंतीखाली नको सापडायला."

"जगणार नाही हो मामा, एवढं मोठं झालंय."

"ठाऊक आहे," मामा म्हणाले, आणि फांद्या सावरून धरायला स्वतःच पुढे झाले.