हलकी पाटी

बेळगावच्या मासळी बाजारात मी दर रविवारी जिच्याकडून बांगडे घ्यायचो, तिचं नाव मला कधीच कळलं नाही. सगळे तिला आक्का म्हणायचे. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. वेंगुर्ल्याहून टेम्पो आला की ती माशांची पाटी हातानं उचलून बघायची आणि टेम्पोवाल्याला झापायची, "हलकी हाय रं! घाटात कुणाला वाटलास?" बिचाऱ्याला बोलणी रोजची, चहा मात्र कधीच नाही.

एकदा पाटीतल्या बर्फाखालून बशीएवढं कासव निघालं, मेलेलं. आक्का झापायचं विसरली. तिनं पदरानं त्याच्या पाठीवरचा बर्फ पुसला.

"रातभर जाळं पाण्यात ऱ्हातंय आक्का," टेम्पोवाला म्हणाला. "अडकलं असंल."

"त्याला वर येऊन श्वास घ्यावा लागतोय, ठावं न्हाय व्हय? बोटवाल्याला सांग, रातीत दोनदा जाळं उचलायचं. न्हाय तर पाटी परत न्हे."

"माल लई कमी येईल."

"येऊ दे."

पुढच्या रविवारी पाटी खरंच अर्धी होती. गिऱ्हाइकं कुरकुरली. मीही कुरकुरलो, बांगड्याशिवाय माझा रविवार जात नसे. आक्कानं पाटी उचलून बघितली. टेम्पोवाला मान खाली घालून बोलणी खायच्या तयारीत उभा.

"कासव?" तिनं एवढंच विचारलं.

"एक घावलं व्हतं. जितं. सोडलं म्हनं."

आक्कानं पाटी खाली ठेवली आणि आपली बसायची फळी पुसून त्याच्याकडं सरकवली.

"मग हुबा का? बस. चा घे."